चिलटाच्या डोळ्याचा हिशेब

पिकलेली केळी दोन दिवस उघडी राहिली, की त्यांच्यावर घोंगावणारे चिलट कोणाला माहीत नाही? मे महिन्यात आंब्याची आढी आणि जूनमध्ये फणसाचे गरे घरात असले, म्हणजे बेळगावात त्याला वेगळे आमंत्रण द्यावे लागत नाही. कानडीत त्याला ‘हण्णिन नोण’, म्हणजे फळाची माशी, म्हणता येते. मराठी पाठ्यपुस्तकांतही ‘फळमाशी’ हाच शब्द आहे. मात्र शेतकरी जिच्या नावाने बोटे मोडतो, जी आंब्यात आणि पेरूत अंडी घालून फळ आतून सडवते, ती फळमाशी निराळी. ती आकाराने मोठी आणि वेगळ्या कुळातली. आपले चिलट बिचारे आधीच आंबू लागलेल्या फळावर येते, आणि ते फळाला नव्हे तर फळावरच्या यीस्टला भुलून येते. त्याच्या ज्या भाईबंदाने प्रयोगशाळेत नाव कमावले त्याचे शास्त्रीय नाव ड्रॉसोफिला मेलॅनोगॅस्टर. लांबी जेमतेम तीन मिलिमीटर, आणि त्यात डोके ते केवढे!

मी वाणिज्य शाखेचा विद्यार्थी. माझ्या वेळापत्रकात या डोक्याला कोठेच जागा नाही. परंतु प्राणिशास्त्र शाखेतील माझ्या मित्रांना प्रात्यक्षिकात ‘कागदी वर्णलेखन’ करायचे होते, आणि त्याला लागणारा जंबुपार किरणांचा दिवा बंद पडलेला होता. दुकानात गल्ल्याशेजारी खऱ्या-खोट्या नोटा पाहण्यासाठी जो निळसर दिवा असतो, तोही जंबुपार किरणच देतो. तसा एक दिवा मी मिळवून दिला आणि दिव्याबरोबर स्वतःही तेथे बसून राहिलो. जे पाहिले ते वाणिज्याच्या विद्यार्थ्यालाही कळण्याजोगे आहे, किंबहुना त्याला जरा लवकर कळण्याजोगे आहे, असे वाटल्यावरून हा लेख.

टेबलावर दोन कुप्या होत्या. एकीवर ‘ब्राउन’ आणि दुसरीवर ‘सेपिया’ अशी वाणांची नावे. नेहमीच्या चिलटाचे डोळे विटकरी तांबडे असतात. या दोन्ही वाणांचे डोळे तपकिरी. सेपिया वाणाचे डोळे वयाबरोबर काळवंडत जातात हे खरे, पण नुकत्याच बाहेर पडलेल्या माशा शेजारीशेजारी ठेवल्या तर माझ्यासारख्याला फरक सांगता येत नाही. प्रश्न असा होता, की दोन डोळे सारखे दिसतात म्हणून ते एकाच कारणाने तपकिरी झाले आहेत का? दोन पेढ्यांची वर्षअखेरची शिल्लक रुपया-पैशापर्यंत जुळली, म्हणून दोघींचा धंदा एकच होता असे कोणी म्हणत नाही. शिल्लक कशी आली हे पाहायला खतावणी उघडावी लागते. डोळ्याची खतावणी उघडण्याचे साधन म्हणजे हा कागद.

खतावणीतली मुख्य खाती दोनच आहेत हे आधी सांगतो. चिलटाच्या डोळ्याचा विटकरी रंग हा एक रंग नसून बेरीज आहे. त्यात एक तपकिरी रंगद्रव्य असते. ते ओमोक्रोम नावाच्या गटातले, आणि प्रथिनांत आढळणाऱ्या ट्रिप्टोफॅन या ॲमिनो आम्लापासून बनते. दुसरा गट टेरिडीनांचा. हे नाव ‘पंख’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून पडले, कारण ही द्रव्ये प्रथम फुलपाखरांच्या पंखांत सापडली. चिलटाच्या डोळ्यातला तांबडा-केशरी भाग म्हणजे या गटातली ड्रॉसोप्टेरिने. त्यांचा कच्चा माल ग्वानोसिन. कच्चा माल वेगळा, कारखाना वेगळा. दोन्हींचा पक्का माल मात्र डोळ्याच्या एकाच गोदामात येऊन पडतो. तपकिरी खाते बंद पडले की डोळा झगझगीत तांबडा दिसतो. तांबडे खाते बंद पडले की डोळा तपकिरी दिसतो. दोन्ही बंद, तर डोळा पांढरा.

असा पांढऱ्या डोळ्यांचा एक नर १९१० साली न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात टॉमस हंट मॉर्गन यांना तांबड्या डोळ्यांच्या माशांत आढळला, आणि आनुवंशिकीची एक शाखाच त्यातून निघाली. त्या नरात बिघडलेल्या जनुकाला ‘व्हाइट’ म्हणतात. येथे नवख्या माणसाचा हमखास गोंधळ होतो, म्हणून सांगून ठेवतो. चिलटाच्या जनुकाला त्याच्या कामावरून नाव देत नाहीत. ते जनुक बिघडल्यावर काय दिसते त्यावरून देतात. म्हणजे ‘व्हाइट’ जनुक धड असेल तरच डोळ्याला रंग येतो, आणि ‘ब्राउन’ जनुकाचे काम तपकिरी नव्हे तर तांबडा रंग आणण्याचे! दुकानाला त्याच्या दिवाळखोरीवरून नाव द्यावे तसा हा प्रकार आहे. रीत मला पसंत नाही, पण ती आता शंभर वर्षांहून जुनी झाली आहे.

व्हाइट हे जनुक करते काय? ते रंग तयार करत नाही, माल वाहते. पेशीतल्या ज्या बारीक कणांत रंग साठतो त्यांच्या भिंतीतून कच्चा माल आत नेणारी प्रथिने असतात, आणि ती जोडीने काम करतात. आमच्या भागीदारीच्या धड्यातले उदाहरण वाटावे अशी ही मांडणी आहे. ‘व्हाइट आणि स्कार्लेट’ ही एक भागीदारी. ती तपकिरी खात्याचा माल वाहते. ‘व्हाइट आणि ब्राउन’ ही दुसरी. ती तांबड्या खात्याचा माल वाहते. स्कार्लेट गेला तर पहिली पेढी बसते, ब्राउन गेला तर दुसरी. व्हाइट दोन्हींकडे भागीदार असल्याने तो गेला की दोन्हींना एकदम कुलूप लागते.

आता कागदाकडे वळू. शाईने लिहिलेल्या वहीवर पावसाचे पाणी पडले, की अक्षरांभोवती रंगांची कड पसरते. काळ्या स्केचपेनचा ठिपका टिपकागदावर देऊन कागदाची कड पाण्यात बुडवली, तर काळ्यातून निळा, तांबडा, पिवळा असे रंग वेगवेगळ्या उंचीवर जाऊन थांबतात. वर्णलेखन ते हेच. कागदाच्या तंतूंनी थोडे पाणी धरून ठेवलेले असते. खालून चढणारा विद्रावक त्या पाण्याजवळून वर सरकतो, आणि मिश्रणातल्या प्रत्येक पदार्थाला दोघांतून निवड करावी लागते: तंतूतल्या पाण्यापाशी रेंगाळायचे की विद्रावकाबरोबर पुढे जायचे. ज्याला पाण्याची ओढ अधिक तो मागे राहतो. ही निवड एकदाच होत नाही, वाटेत हजारो वेळा होते. म्हणून स्वभावातला अगदी थोडा फरकही शेवटी सेंटिमीटरांत मोजता येतो.

या युक्तीमागे शास्त्रज्ञांइतकाच व्यापारही आहे, याची नोंद माझ्या शाखेच्या वतीने करतो. आर्चर मार्टिन आणि रिचर्ड सिंज यांनी १९४१ साली या पद्धतीचे तत्त्व मांडले ते इंग्लंडमधील लीड्स येथे, लोकर उद्योगाच्या संशोधन संस्थेत. लोकरीच्या प्रथिनात कोणती ॲमिनो आम्ले किती आहेत हे त्यांना हवे होते. कागदावरची आवृत्ती १९४४ साली मार्टिन यांनी कॉन्स्डेन आणि गॉर्डन या सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केली, आणि १९५२ साली मार्टिन व सिंज यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. महागड्या यंत्राची गरज नसलेली पद्धत म्हणून ती जगभर पसरली. चिलटांच्या वाणांवर ती चालवली अर्न्स्ट हॅडॉर्न आणि हर्शेल मिचेल यांनी, १९५१ साली. आजही महाविद्यालयांत त्याच प्रयोगाची नक्कल केली जाते.

कृती अवघड नाही. सांभाळायच्या गोष्टी मात्र पुष्कळ. माशा वाढवायचे खाद्य आपल्या स्वयंपाकघरातलेच: एक लिटर पाण्याला १०० ग्रॅम रवा, १०० ग्रॅम गूळ, दहा ग्रॅम अगर, बुरशी येऊ नये म्हणून थोडेसे प्रोपिऑनिक आम्ल, आणि वर यीस्ट. शिराच तो, फक्त तूप नाही. शुद्ध वाण सांभाळून ठेवणारी केंद्रे असतात. आपल्या राज्यात म्हैसूर विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र विभागात असे केंद्र आहे. प्रयोगासाठी माशा एकाच वयाच्या आणि एकाच लिंगाच्या घ्याव्यात. वयाबरोबर काही रंगद्रव्ये साठत जातात, आणि नराच्या वृषणांतही टेरिडिने असतात. म्हणूनच अख्खी माशी न चिरडता फक्त मुंडके घ्यायचे. नाहीतर पोटाची रक्कम डोळ्याच्या खात्यात जमा व्हायची.

व्हॉटमन नंबर १ या गाळणकागदाचा चौकोन कापून खालच्या कडेपासून दोन सेंटिमीटरवर पेन्सिलीने रेघ मारतात. पेन चालत नाही, कारण शाई स्वतःच वर चढू लागेल. कागद कडेनेच धरायचा. बोटांचा घाम आणि तेलही त्यावर उमटते. ईथरने गुंगी आणलेल्या माशांची मुंडकी सुईने अलग करून, प्रत्येक वाणाची पाच-पाच, रेघेवर ठरलेल्या जागी काचेच्या कांडीने चिरडायची. पहिल्यांदा पाहताना अंगावर काटा येतो. पाचव्या मुंडक्याला येत नाही. डाग जितका लहान तितके पुढचे ठिपके नेटके. डाग वाळला की कागदाची नळी करून, कडा एकमेकींना भिडणार नाहीत अशा बेताने टाके मारायचे आणि ती घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत उभी करायची. बरणीच्या तळाशी दोन भाग प्रोपॅनॉल आणि एक भाग एक टक्का तीव्रतेचे अमोनियाचे पाणी. पातळी रेघेच्या खाली. पातळी रेघेवर गेली तर माल वर चढण्याऐवजी तळाशीच धुऊन जाईल. प्रोपॅनॉल पेट घेते, तेव्हा जवळपास ज्योत नको. बरणी अंधारात ठेवायची, कारण टेरिडिने उजेडाने विस्कटतात. आम्ही ती कपाटात ठेवून वर काळे कापड टाकले.

विद्रावक वरच्या कडेजवळ पोचला की कागद काढून तो कोठवर चढला तेथे लगेच पेन्सिलीची खूण करतात. वाळल्यावर ती कड दिसत नाही. मग अंधाऱ्या खोलीत दिवा. दिव्याकडे थेट पाहायचे नसते. जे ठिपके दिसतील त्यांना पेन्सिलीने वेढा घालायचा आणि मोजमाप घ्यायचे. ठिपक्याने कापलेले अंतर भागिले विद्रावकाने कापलेले अंतर, याला आर-एफ मूल्य म्हणतात. विद्रावक १२ सेंटिमीटर चढला आणि ठिपका ४.८ सेंटिमीटर, तर मूल्य ०.४. नुसते अंतर सांगण्याला अर्थ नाही, जसा भांडवल न सांगता नफा सांगण्याला नाही.

नेहमीच्या तांबड्या डोळ्याच्या माशीचे जे ठिपके मिळायला हवेत ते असे. सर्वांत खाली केशरी ड्रॉसोप्टेरिने. त्यांच्या वर जांभळट निळे आयसोझँथोप्टेरिन, मग हिरवट निळे झँथोप्टेरिन, मग पिवळे सेपियाप्टेरिन, मग दोन निळे ठिपके, आणि सर्वांत वर पुन्हा पिवळे, आयसोसेपियाप्टेरिन. दोन निळ्यांपैकी खालच्याचे नाव लांबलचक आहे, २-ॲमिनो-४-हायड्रॉक्सिटेरिडीन, वरचे बायोप्टेरिन. एकूण सात. तपकिरी ओमोक्रोम मात्र या विद्रावकात जागचे हलत नाही. ते रेघेवरच तपकिरी डाग होऊन बसते. त्याला आम्लयुक्त विद्रावक लागतो. म्हणजे आपल्या कागदावर खतावणीचे अर्धेच पान उघडते, हे लक्षात ठेवावे लागते.

आमच्या कागदावर सात ठिपके दिसले नाहीत. पाच दिसले. दोन निळे एकात एक मिसळून एकच लांबट पट्टा झाला होता, आणि हिरवट निळा आम्हां चौघांपैकी कोणालाच ओळखता आला नाही. नोटांचा दिवा तो, त्याची ताकद ती किती! येथे मित्रांत वाद झाला. एकाने सांगितले, की सर्वांच्या जर्नलात दरवर्षी सातच ठिपके काढलेले असतात, आकृती ठरलेली असते, आणि गुण तिलाच मिळतात. आपणही सात काढू. मला हे पटले नाही. मी शास्त्राचा विद्यार्थी नाही, पण अंकेक्षणाच्या तासाला पहिलीच गोष्ट आम्हांला शिकवतात ती ही, की ज्याचे व्हाउचर नाही त्याची नोंद नाही. रक्कम कितीही संभाव्य असो, पावतीखेरीज ती लिहिली की पुढची सारी पाने संशयित होतात. पुस्तकात सात आहेत हे खरेच. पण पुस्तकाचे ठिपके पुस्तकाच्या कागदावरचे. आमच्या कागदावर पाच होते. शिवाय, ज्याने सात आधीच ठरवून टाकले त्याला सेपिया माशीच्या कागदावर काय नाही हे कसे दिसणार? या प्रयोगात तर सारे काही ‘नाही’वरच अवलंबून आहे. शेवटी जर्नलात पाच ठिपके गेले, आणि खाली ‘दोन निळे वेगळे झाले नाहीत’ अशी ओळ. गुणांचे काय झाले ते मी विचारले नाही.

त्या दोन तपकिरी डोळ्यांचा निकाल मात्र नोटांच्या दिव्यातही स्वच्छ लागला. ‘ब्राउन’ वाणाचा रकाना जवळजवळ कोरा होता. केशरी नाही, पिवळा नाही, निळ्याची पुसट छाया. रेघेवर मात्र तपकिरी डाग कायम. कच्चा मालच आत न गेल्याने तांबड्या खात्यात काही झालेलेच नव्हते. ‘सेपिया’च्या रकान्यातही केशरी ठिपका नव्हता, म्हणून तर डोळा तपकिरी. परंतु त्याच्यावरच्या बाजूस पिवळा ठिपका असा लखलखत होता, की नेहमीच्या माशीचा त्यापुढे फिका वाटावा. येथे माल आत आला होता, कारखाना चालू होता, निम्म्याहून अधिक काम झालेले होते, आणि केशरी रंगाकडे वळायच्या फाट्यावर दार बंद होते. तुंबलेला माल सेपियाप्टेरिन होऊन साचला. हे दार म्हणजे कोणते एंझाइम, ते २००६ साली निश्चित झाले: सेपिया जनुक ड्रॉसोप्टेरिनाच्या अलीकडच्या एका टप्प्याचे एंझाइम बनवते. एका डोळ्यात माल आलाच नाही, दुसऱ्यात येऊन अडकला. बाहेरून दोन्ही तपकिरी.

म्हणून कागद वाचताना काय गेले याबरोबर काय वाढले हे पाहावे, असे मला वाटते. वाढलेला ठिपका दार कोठे बंद आहे ते दाखवतो. ‘रोझी’ नावाच्या वाणात जांभळट निळे आयसोझँथोप्टेरिन नसते, आणि लांबलचक नावाचा तो निळा पदार्थ वाढलेला असतो, कारण एकाचे दुसऱ्यात रूपांतर करणारे झँथिन डीहायड्रोजिनेज हे एंझाइमच त्या माशीत नाही. हेच एंझाइम युरिक आम्लही बनवते. साहजिकच रोझी माशीत युरिक आम्ल सापडत नाही. माणसातही हे एंझाइम जन्मतः नसणारे काही थोडे लोक असतात. त्यांच्या लघवीत झँथिन साचते आणि त्याचे खडे होऊ शकतात. उलट संधिवाताच्या ज्या प्रकारात युरिक आम्ल फार वाढते, त्यावर डॉक्टर ॲलोप्युरिनॉल देतात ते मुद्दाम हेच दार लोटून घेण्यासाठी.

सेपिया माशीच्या त्या पिवळ्या ठिपक्याची गोष्टही डोळ्यापाशी संपत नाही. फिनिलकीटोन्यूरिया नावाचा एक आनुवंशिक रोग आहे. त्यात फिनिलॲलॅनिन हे ॲमिनो आम्ल बाळाच्या शरीरात मोडले जात नाही, रक्तात साचते आणि मेंदूला कायमची इजा करते. जन्मतः चाचणी झाली आणि आहार आयुष्यभर मोजून दिला, तर ही इजा टळते. फिनिलॲलॅनिन मोडणाऱ्या एंझाइमाला एक साहाय्यक द्रव्य लागते, आणि ते बायोप्टेरिनाच्याच घरातले. तोंडाने घेतलेल्या सेपियाप्टेरिनाचे शरीरात या साहाय्यकात रूपांतर होते. सर्वच रुग्णांना त्याचा उपयोग होत नाही. पण ज्यांचे एंझाइम अर्धवट का होईना शिल्लक आहे अशांपैकी अनेकांना होतो. २०२५ साली युरोप आणि अमेरिकेत सेपियाप्टेरिनाला या रोगावरील औषध म्हणून मान्यता मिळाली. कागदावर पाच मुंडक्यांतून आलेला तो पिवळा डाग पाहताना ही माहिती मला नव्हती. नंतर वाचली, आणि पेन्सिलीने वेढलेली ती जागा पुन्हा काढून पाहिली.

आता कागदाची मर्यादा. ‘व्हर्मिलियन’ आणि ‘सिनाबार’ हे दोन वाण दोन्ही झगझगीत तांबड्या डोळ्यांचे. दोन्हींत तपकिरी खाते बंद, तांबडे चालू. साहजिकच आमच्या विद्रावकात दोघांचे रकाने सारखेच उमटतात. भांडण ज्या पानावरचे ते पान येथे उघडतच नाही. ते भांडण कागदाच्या आधीच, १९३५-३६ च्या सुमारास, जॉर्ज बीडल आणि बोरिस एफ्रूसी यांनी वेगळ्याच मार्गाने सोडवले. अळीच्या शरीरात भावी डोळ्याची एक चिमुकली चकती असते. एका वाणाच्या अळीतली ती चकती काढून त्यांनी दुसऱ्या वाणाच्या अळीच्या पोटात बसवली. माशी बाहेर पडली तेव्हा तिच्या पोटात तिसरा डोळा तयार होता! हा पोटातला डोळा कोणत्या रंगाचा होतो ते पाहायचे. व्हर्मिलियनची चकती सिनाबारच्या पोटात ठेवली तर डोळा नेहमीसारखा विटकरी झाला. सिनाबारची चकती व्हर्मिलियनच्या पोटात ठेवली तर तो झगझगीत तांबडाच राहिला.

एकाच अदलाबदलीची दोन उत्तरे कशी, हे मला शहापूर-वडगावच्या मागांवरून उमगले. साडी विणण्याआधी सूत रंगवावे लागते, आणि रंगवलेल्या सुताचे बीम भरावे लागते. समजा, एका घरात रंगारी नाही पण बीम भरणारा आहे, हा व्हर्मिलियन. दुसऱ्या घरात रंगारी आहे पण बीम भरणारा नाही, हा सिनाबार. पहिल्या घरचा बीमवाला दुसऱ्या घरी नेऊन बसवला, तर तेथे रंगवलेले सूत पडूनच आहे. त्याचे काम सुरू होते. उलट दुसऱ्या घरच्या माणसाला पहिल्या घरी नेले, तर त्याला हवे ते भरलेले बीम तेथे नसणारच. त्या घरात सूतच रंगलेले नाही. अर्थात व्हर्मिलियनचे दार आधीचे, सिनाबारचे नंतरचे. व्हर्मिलियन माशीत जे द्रव्य बनत नाही ते किन्युरेनिन, हे १९४० साली जर्मनीत बूटेनांट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओळखले. एका जनुकाच्या हाती एका एंझाइमाचे काम असते या विचाराकडे बीडल येथूनच वळले. पुढे टेटम यांच्यासह बुरशीवर त्यांनी जे काम केले, त्याबद्दल दोघांना १९५८ साली नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला.

कागद जेथे मुका होतो असे आणखी एक ठिकाण आहे, आणि ते मला सर्वांत आवडते. स्कार्लेट आणि ब्राउन या वाणांचा संकर केला, तर पहिल्या पिढीत सर्व डोळे नेहमीसारखे विटकरी. त्यांची आपापसांतली संतती पाहिली तर सोळांत सरासरी नऊ विटकरी, तीन झगझगीत तांबड्या, तीन तपकिरी आणि एक पांढऱ्या डोळ्यांची. या शेवटच्या माशीत व्हाइट जनुक अगदी धड असते! दोन्ही पेढ्यांतले दुसरे भागीदार गेल्यामुळे तो रिकाम्या हातांनी बसला आहे, इतकेच. तिचा कागद आणि मॉर्गन यांच्या पांढऱ्या डोळ्यांच्या वाणाचा कागद, दोन्ही कोरे. दिव्याखाली कितीही वेळ बसले तरी फरक सांगता येणार नाही. तो सांगते संतती. ही दोन भागीदार गमावलेली मादी आणि व्हाइट जनुक बिघडलेला नर एका कुपीत सोडले, तर पिल्लांना धड व्हाइट आईकडून मिळतो, धड ब्राउन आणि स्कार्लेट बापाकडून. आईबाप दोघेही पांढऱ्या डोळ्यांचे आणि मुलगे-मुली एकजात विटकरी. २५ अंश सेल्सिअसला दहा-बारा दिवसांत कुपीत हे दिसू लागते. मादी मात्र कोशातून बाहेर पडल्यापासून आठ तासांच्या आत वेगळी काढलेली असावी. ती आधीच एखाद्या नराला भेटलेली असली, तर कुपीतली पिल्ले कोणाच्या नावे लिहायची हे ठरवता येत नाही.